विलंबाचे कलम

वेदमूर्ती त्रिंबकभट केसकर पुन्हा बोलू लागले, त्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलाने वाईच्या गंगापुरीत घरोघरी पेढे वाटले. वृद्ध मनुष्य बोलू लागला म्हणून पेढे वाटण्याचा प्रसंग त्या गल्लीने पूर्वी कधी पाहिला नव्हता. परंतु ज्या कंठाने आयुष्यभर वेदाची संहिता धारण केली तो कंठ व्याधीने बंद पडावा आणि यंत्राच्या का होईना साहाय्याने पुन्हा उघडावा, याचे मोल त्या गल्लीला कळत होते. शेजारच्या लिमयेकाकू पेढा हातात घेऊनच आत आल्या. तेव्हा खुर्चीत निश्चल बसलेल्या त्रिंबकभटांच्या गळ्याजवळून स्वच्छ, खर्जातला आवाज आला, "या, बसा काकू. तुम्ही आलात, फार बरं वाटलं."

काकूंच्या डोळ्यांना पाणी आले. त्रिंबकभटांची कन्या सुनीती मात्र उंबऱ्यातच थबकली. पाहुणा आला की अण्णा केवळ 'हं' म्हणत आणि पंचांग बाजूला ठेवत. एवढ्यावरून पाहुण्याने आपले स्वागत झाले असे समजायचे, हा घरचा शिरस्ता होता. 'फार बरं वाटलं' हे शब्द अण्णांच्या तोंडून तिने आजवर ऐकले नव्हते.

"आजारपणानं मऊ झालेत," तिचा भाऊ श्रीरंग कौतुकाने म्हणाला. "तू सवयीप्रमाणे खोट काढू नकोस हं. घरी तरी साहेबपण बाजूला ठेव."

त्या टोमण्यात तथ्य होते. ज्या यंत्राने अण्णा बोलत होते त्याचे नाव 'ओघ'. ते अजून चाचणीच्या अवस्थेत होते आणि वाईच्या ग्रामीण रुग्णालयाने निवडक रुग्णांना दिले होते. शासनाच्या खरेदीयादीत त्याला स्थान द्यावे की नाही, हे साताऱ्याच्या परीक्षण केंद्राने ठरवायचे होते, आणि त्या केंद्रातील परीक्षण अधिकारी होती सुनीती. आपले वडीलच चाचणीत आहेत, हे तिने संचालकांच्या कानावर घातले होते. 'घरचीच साक्ष मिळाली की,' असे म्हणून ते हसले होते.

आता या यंत्राविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. बोलावे असे मनात आले की मेंदूकडून जिभेला, ओठांना आणि स्वरयंत्राला आज्ञा जातात, आणि या आज्ञा म्हणजे विजेच्या अतिसूक्ष्म लहरीच होत. मज्जातंतूंच्या व्याधीत स्नायू दुर्बळ होतात, जीभ वळत नाही. तरी आज्ञेची पुसट लहर त्वचेपर्यंत येतच असते. पूर्वसूरींनी वाणीच्या ज्या अवस्था सांगितल्या त्यांत ओठांबाहेर पडते ती वैखरी, आणि शब्दरूप घेऊनही जी आतच राहते ती मध्यमा. कंठावर चिकटवलेल्या नाण्याएवढ्या चकत्या ही मध्यमाच टिपतात, असे म्हटल्यास शास्त्राचा किंवा विज्ञानाचा फारसा आक्षेप नसावा.

अडचण एवढीच, की व्याधी वाढते तशी ही लहर क्षीण होते आणि भोवतालच्या गोंगाटात बुडून जाते. त्यावर उपाय दोन. पहिला धीराचा. रुग्णाने तेच अक्षर मनात पुन्हा पुन्हा उच्चारायचे, यंत्राने लहरी साठवत जायचे, खात्री झाली की अक्षर बोलून दाखवायचे आणि रुग्णाने पापण्या मिटून 'हेच' अशी संमती द्यायची. इचलकरंजीच्या रफीक बागवानांनी बनवलेले 'अक्षरा' हे यंत्र या मार्गाने चाले. दुसरा उपाय तर्काचा. माणसे कोणत्या प्रसंगी काय बोलतात याचे अफाट भांडार यंत्राला आधीच पढवून ठेवायचे. मग लहर तुटक आली तरी पुढचे वाक्य यंत्रच पुरे करते. ओघ हे दुसऱ्या कुळातले; त्यात पापण्यांच्या संमतीची पायरीच नव्हती.

शासनाने सुगम्य खरेदीचा नियम केला, तेव्हा त्यामागचा हेतू निःसंशय पुण्याचा होता. कोणत्याही सरकारी कचेरीने, शाळेने वा रुग्णालयाने अपंगांना वापरता येणार नाही असे उपकरण विकतच घ्यायचे नाही, असा तो नियम. ग्राहकांत सरकार हेच सर्वांत मोठे ग्राहक. त्याने पाऊल टाकले की बाजाराला त्याच वाटेने जावे लागते. पूर्वी बोलते यंत्र घ्यायचे तर घर विकावे लागे. नियमानंतर ते तालुक्यांच्या रुग्णालयांत येऊ लागले. विमा कंपन्यांनी तीच यादी उचलली, बँकांनीही उचलली. या नियमात एक विलंबाचे कलम होते. बोलण्याची इच्छा आणि यंत्राचा आवाज यांतील अंतर सामान्य संभाषणाहून अधिक असू नये, असे ते सांगे. हे कलम अपंगांच्या संघटनांनीच भांडून घालून घेतले होते, कारण सावकाश बोलणाऱ्याचा फोन समोरचा मनुष्य बिनदिक्कत ठेवून देत असे.

परंतु शुभ हेतूने लावलेल्या झाडालाही सावली पडते, आणि ती कोठे पडेल हे लावणाऱ्याच्या हाती नसते. ज्याची गती कमी ते यंत्र यादीबाहेर, आणि जे यादीबाहेर त्याला ना कर्ज ना सुटे भाग. चकत्या बनवणाऱ्यांनीही आपले साचे वेगवान यंत्रांसाठी बदलले. अक्षरा त्या कलमात कधीच बसणार नव्हते. चकत्या मिळेनाशा झाल्याने अण्णांचे जुने अक्षरा आता कपाटात, धुतल्या उपरण्यात गुंडाळून ठेवलेले होते.

पेढ्यांचा गोडवा ओसरला तशी घरातल्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. अण्णांनी नित्यपाठ सोडला होता.

रोज सकाळी अन्नाला स्पर्श करण्यापूर्वी एका मंत्राची जटा म्हणायची, हे त्रिंबकभटांचे मुंजीपासूनचे व्रत. जटापाठात पहिले पद, दुसरे पद, मग उलट दुसरे, पहिले, आणि पुन्हा पहिले, दुसरे अशी पदांची वेणी घालत जातात. लेखणीच्या आधाराशिवाय एक मात्राही ढळू नये म्हणून पूर्वजांनी घातलेले हे कुलूप होय. वाचा गेल्यावरही अण्णांनी अक्षरावर हे व्रत चालवले होते. एकेक अक्षर करीत मंत्र पुरा होईपर्यंत दुपार होई, आणि कल्याणीवहिनी स्वयंपाकघरातून म्हणत, "सासऱ्यांची जटा उलगडेपर्यंत माझ्या पोळ्यांचे पापड होतात." ओघ आल्यापासून मात्र सकाळी त्या खुर्चीतून 'आज हवा छान आहे', 'सर्वांचा चहा झाला का' असेच काहीबाही ऐकू येई. अण्णा डोळे घट्ट मिटून बसत.

"वैराग्य आहे हे," श्रीरंग हलक्या आवाजात सांगे. "शेवटी ज्ञानी माणूस ग्रंथही खाली ठेवतो. सगळं सुटलंय त्यांचं."

त्या घरात हा अर्थ कोणालाही पटण्यासारखाच होता. वैदिकाने पाठ सोडला याचे दुसरे कारण त्यांच्या कल्पनेत येईना. त्यामुळेच डॉक्टर इनामदारबाईंनी तो प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर ऐकून कोणी चकित झाले नाही.

रुग्णालयाच्या त्या तरुण डॉक्टर खुर्ची अण्णांच्या अगदी समोर ओढून बसल्या होत्या. "अण्णा, छातीचे स्नायू थकत चाललेत. गळ्यातून नळी घालून श्वासाचं यंत्र जोडलं, तर आणखी काही वर्षं मिळतील. पण एकदा जोडलं की ते कायमचं. नाही जोडलं तर… फार दिवस नाहीत. हे तुमच्याऐवजी कुणी ठरवू शकत नाही. काय करू या?"

क्षणभरही न थांबता आवाज आला, "नको, डॉक्टर. पुष्कळ जगलो. आता मला शांतपणे जाऊ द्या. मुलांना त्रास नको."

श्रीरंगने तोंडावर उपरणे धरले. वहिनी देवासमोर जाऊन बसल्या. डॉक्टरांनी खाली मान घालून सांगितले, की सोमवारी कागदावर सह्या घेऊ. अण्णांचे डोळे मिटलेले होते, आणि त्या मिटण्यात श्रीरंगला समाधी दिसली.

सुनीतीला रडू आले नाही. तिला वाटत राहिले, की हे वाक्य आपण पूर्वी पुष्कळदा ऐकले आहे, पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे. आणि तेच तिला खुपत होते.

शुक्रवारी साताऱ्याच्या कचेरीत संचालक जगतापांनी तिला बोलावून घेतले. "केसकर मॅडम, ओघचा अहवाल तेवढा अडलाय. निविदा निघायची आहे. सही करा नि मोकळ्या व्हा."

"साहेब, मला अजून एक निरीक्षण घ्यायचंय."

"आणखी निरीक्षण? वेग कलमात बसतो, आवाज स्पष्ट, किंमत आवाक्यात. पाटणची ती पोर, अपघातानंतर मुकी झालेली, ओघ लावल्यावर आईला हाक मारली तिनं. त्या माउलीनं माझे पाय धरले हो. तिला काय सांगू? केसकरबाईंचं निरीक्षण राहिलंय?"

ती पोरही खरी होती आणि तिच्या आईचे अश्रूही. ओघ नाकारले तर कित्येक तालुके पुढच्या खरेदीपर्यंत मुकेच राहतील, हे तिला जगतापांइतकेच ठाऊक होते. जागेवर येऊन तिने रफीकभाईंना फोन लावला. अक्षराच्या चकत्या मिळतील का, एवढेच विचारले.

"ताई, कारखान्याला कुलूप लावायचीच तयारी चाललीय," ते म्हणाले. "शेवटचा एक संच पडलाय. अण्णांसाठी म्हणता तर आजच्या एसटीनं धाडतो. पण त्या चकत्या वाळायला लागल्यात. फार दिवस चिकटायच्या नाहीत, आधी सांगून ठेवतो."

शनिवारी सकाळी सुनीती कचेरीतील लहरदर्शक घरी घेऊन आली. यंत्राने अर्थ लावण्यापूर्वी कंठातील मूळ लहर जशी येते तशी त्याच्या पडद्यावर दिसते. तिने तो ओघला जोडला आणि काही न बोलता अण्णांच्या शेजारी बसली.

नित्यपाठाची वेळ झाली. अण्णांनी डोळे मिटले. ओघमधून आवाज आला, "आज हवा छान आहे." पडद्यावर मात्र लहरींची रांग लागली होती. एक उंच आणि एक पसरट अशी जोडी. मग तीच जोडी उलटी. मग पुन्हा सुलटी. पुढे नवे वळण, पुन्हा उलट, पुन्हा सुलट. सुनीती पाहत राहिली. मुलगी म्हणून तिला कोणी हा पाठ दिला नव्हता. पण दाराआडून तो ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. त्या लहरी डोळ्यांनी पाहताना तिच्या कानांत आपोआप स्वर उमटू लागले. अण्णा जटा म्हणत होते. क्षीण, थरथरत्या लहरींनी, एक पदही न गाळता म्हणत होते.

"सर्वांचा चहा झाला का?" ओघने प्रेमाने विचारले.

अण्णांनी पाठ एक दिवसही सोडला नव्हता. रोज सकाळी, सगळ्यांच्या देखत ते म्हणत होते, आणि ते कोणाच्याही कानी पडत नव्हते.

ओघच्या स्मृतीत मागील सर्व लहरी साठवलेल्या असतात. डॉक्टरांनी प्रश्न विचारला तो दिवस, ती घटका तिने शोधून काढली. 'काय करू या' हे शब्द संपले त्या ठिकाणी पडद्यावर जवळजवळ सरळ रेषा होती. शेजारी ओघचे उत्तर नोंदलेले होते, पूर्णविरामांसह.

तिने ओघच्या कंपनीतील अभियंता तन्वी कुलथे हिला फोन केला. मुलगी हुशार होती, आणि प्रामाणिकही.

"मॅडम, पुनरुक्ती आम्ही काढून टाकतो," ती म्हणाली. "बहुतेक रुग्ण अडखळतात, तोच शब्द दोनदा येतो, उलटसुलट येतो. ते सगळं बोलायला लागलो तर विलंबाच्या कलमात बसतच नाही. ते चाळून जे उरतं, त्यावरून वाक्य बांधतो."

"आणि माणूस गप्प असेल तर?"

"गप्प म्हणजे?"

"म्हणजे बोलायचंच नसेल. विचार करत असेल."

"लहर कमी झाली की यंत्र समजतं, रुग्ण दमलाय. त्याला मदत म्हणून मग प्रसंगावरून सर्वांत संभाव्य उत्तर देतं. नियमात कमाल विलंब दिलाय, मॅडम. गप्प राहण्यासाठी वेगळी मुभा कुठंच नाही. आम्ही ती ठेवली असती तर चाचणीत नापास झालो असतो."

सुनीतीने फोन ठेवला. आजवर किती यंत्रांवर आपण हेच कलम लावून पाहिले, याचा हिशेब करण्याचे धैर्य तिला झाले नाही. तिने श्रीरंगला आणि वहिनींना हाक मारली, डॉक्टरांनाही बोलावून घेतले, आणि अण्णांच्या गळ्यावरून ओघच्या चकत्या सोडवल्या. कपाटातून अक्षरा काढून इचलकरंजीहून आलेल्या शेवटच्या चकत्या लावल्या. त्यांच्या कडा खरोखरच वळू लागल्या होत्या. वहिनींनी त्या बोटांनी दाबून धरल्या.

"सुनू, हे काय मांडलंयस?" श्रीरंग कळवळून म्हणाला. "त्यांनी सांगितलंय ना एकदा. सुखानं जाऊ दे की त्यांना. मरणाऱ्याची उलटतपासणी करतेस?"

"दादा, ते बोललेच नव्हते. यंत्र बोललं."

"यंत्र म्हणे. पुष्कळ जगलो म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलंय."

सुनीतीने पडदा त्याच्यापुढे केला. ती सरळ रेषा त्याने पाहिली. मग तिने सकाळच्या लहरी दाखवल्या आणि बोटाने त्यांच्यावरून जात, हलक्या आवाजात, जटेचा ठेका धरला. शिकला नसला तरी तोही त्याच घरात वाढला होता. तिसऱ्या वळणाशी त्याचा चेहरा बदलला. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी अण्णांचे पाय धरले. "रोज म्हणत होतात तुम्ही," तो पुटपुटला, "आणि मी लोकांना वैराग्य सांगत सुटलो."

डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, शब्दशः. अक्षरा स्तब्ध राहिले. मग एक अक्षर आले, पापण्या मिटल्या, दुसरे आले. आणि थोड्या वेळाने सुनीतीच्या लक्षात आले, की हे उत्तर नव्हे. अण्णांनी आज सकाळची जटा वैखरीत पुन्हा आरंभली होती. जन्ममरणाचा प्रश्न त्यांनी नित्यपाठाच्या रांगेत मागे उभा केला होता.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले, आणि मग ते काढून पिशवीत टाकले. वहिनी चकत्या दाबून बसल्या, त्यांचा हात भरून आला तेव्हा श्रीरंगने धरल्या. उन्हे खिडकीच्या चौकटीवरून खाली सरकली. शेवटचे पद संपले तेव्हा अण्णांच्या कपाळावर घाम होता, आणि त्यांनी कितीतरी दिवसांनी डोळे पूर्ण उघडले होते.

मग ते थांबले. कोणी त्यांना घाई केली नाही.

"मी," अक्षरा म्हणाले. पापण्या. "ना." पापण्या. "ही." आणि पुष्कळ वेळाने, "बो… ल… लो."

"मग आता सांगा, अण्णा," श्रीरंग रडत म्हणाला. "नळी घालायची का नको? तुम्ही म्हणाल तसं."

"ठ… र… लं." बराच काळ काही आले नाही. "ना… ही."

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "अण्णा, फार दिवस हातात नाहीत हो."

त्यावर अण्णांनी केवळ त्यांच्याकडे पाहिले. त्यांना ते ठाऊक होते.

त्याच वेळी सुनीतीचा फोन वाजला. जगताप होते. ती गॅलरीत गेली नाही. तेथेच, सर्वांच्या समोर बोलली.

"साहेब, मी ओघवर सही करत नाही. अहवालात कारण लिहीन, आणि विलंबाचं कलम बदलावं असंही लिहीन. माणसाला गप्प राहता येईल असं एकही यंत्र आपण यादीत घेतलेलं नाही."

"मॅडम, अहो, एवढे लोक वाट पाहतायत," पलीकडून जगतापांचा स्वर चढला. "त्या पाटणच्या पोरीचं ओघ काढून घ्यायचं का मग? सांगा ना."

"नाही. तिची हाक तिचीच होती का, ते आधी तिला विचारायचं. मी स्वतः जाईन. तिचीच असेल, तर मी चुकले असं लिहून देईन. माझी नोकरी गेली तरी चालेल. पण आज सही नाही."

फोन ठेवल्यावर तिला जाणवले, की आपण बरोबर केले की नाही, याचीही खात्री आपल्यापाशी नाही. तालुक्यातालुक्यांतील मुके कंठ तिच्या डोळ्यांपुढे येत होते. आणि येथे, या खुर्चीत, अण्णांची छाती प्रत्येक श्वासाला मागच्याहून थोडी कमी उचलली जात होती.

अक्षरा पुन्हा बोलले. "वि."

"विचार?" वहिनी उतावीळपणे म्हणाल्या. "विचार करतो म्हणताय?"

अण्णांनी पापण्या मिटल्या नाहीत. सुनीतीने वहिनींच्या मनगटावर हात ठेवला. तिच्याही मनात शब्दांची झुंबड उडाली होती. विचार, विसावा, विनंती, विरक्ती, विश्वास. प्रत्येक शब्दामागे एक पुरे वाक्य तयार होऊन उभे होते आणि प्रत्येक वाक्यात अण्णा तिला हवे ते म्हणत होते. एकेक करून ते शब्द तिने मनातून काढून टाकले. सोपे नव्हते ते. सुटू पाहणारी चकती तिने स्वतःच्या अंगठ्याने घट्ट दाबून धरली आणि पुढच्या अक्षराची वाट पाहू लागली.